शनिवारच्या शेअरपॉइंट कॉन्फरन्सला जाताय? आधी तो कागद लिहा

मागच्या वेळी मी पुण्याला गेलो होतो, शेअरपॉइंट (कंपनीच्या फायली आणि लिस्ट ठेवायची मायक्रोसॉफ्टची जागा), टीम्स, पॉवर ऑटोमेट (ठरलेली कामं आपोआप चालवणारं टूल) वापरणाऱ्या लोकांची शनिवारची कॉन्फरन्स, कम्युनिटीतलीच माणसं नोकरी सांभाळून भरवतात, प्रवेश फुकट. ठाण्याहून पहाटे उठून गेलो आणि रात्री एक टीशर्ट, तीन पेनं आणि एक पाण्याची बाटली घेऊन घरी आलो. ज्या कामासाठी गेलो होतो ते काम तसंच. चूक पूर्ण माझी. आता टीममधले दोघं पहिल्यांदा जाणारेत आणि मला रोज एक प्रश्न विचारतायत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

रजिस्ट्रेशन पर्सनल मेलवरून करा. कंपनीच्या मेलवर केलं की क्यूआर कोडवाला मेल क्वारंटाइनमध्ये जाऊन बसतो आणि तुम्ही गेटवर उभं राहून जंक फोल्डर खणत बसता. फुकट आहे म्हणून सीट अडवून ठेवू नका, जमणार नसेल तर कॅन्सल करा, वेटिंगवर खरंच लोक असतात. आधार किंवा लायसन्स, चार्जर, पॉवर बँक, हे सांगायची गरज नाही. हॉल एसीत गारठवतात, जॅकेट घ्या.

आता मुख्य गोष्ट. तुमचा प्रश्न कागदावर लिहून न्या. कागदावर. वननोटमध्ये नाही, टीम्सच्या चॅटमध्ये स्वतःलाच पाठवलेला मेसेज नाही, कागदावर.

मला वाटलेलं, लॅपटॉप आहे की सोबत, विचारायच्या वेळी उघडून दाखवू. तिथल्या गेस्ट वायफायवर कंपनीचं साइन-इन झालंच नाही, कंडिशनल ॲक्सेसने, म्हणजे कंपनीच्या साइन-इनच्या नियमांनी, अडवलं, ओळखीचं नेटवर्क नाही म्हणून. मोबाइलवर बघावं तर वर्क प्रोफाइलमध्ये स्क्रीनशॉट बंद, म्हणजे आधीचाही एकही फोटो नाही. आणि समोर कोण, तर ज्यांचं सेशन ऐकायला म्हणून मी आलो ते एमव्हीपी (मायक्रोसॉफ्टने गौरवलेले तज्ज्ञ) सर, हातात चहा, एकदम निवांत, म्हणाले बोला. मी म्हटलं, सर आमच्याकडे बरेच इन्फोपाथचे (मायक्रोसॉफ्टचं फॉर्म बनवायचं जुनं सॉफ्टवेअर) फॉर्म आहेत आणि वर्कफ्लो (मंजुरीसारखी कामं टप्प्याटप्प्याने पुढे नेणारी जुनी सोय) आहेत, ते पॉवर ऑटोमेटसारख्या नव्या टूलवर हलवायचेत. ते म्हणाले, बरेच म्हणजे किती? वर्कफ्लो २०१० चे की २०१३ चे? ऑनलाइन, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, की कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर? फॉर्ममागे कोड आहे का, रिपीटिंग टेबल आहेत का? लिस्टमध्ये आयटम किती? मला एकाचंही उत्तर धड देता आलं नाही. म्हटलं, बघून सांगतो. कुठे बघणार होतो देव जाणे.

माझ्या मागे नाशिकची एक मुलगी उभी होती, तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. फॉर्म १७, वर्कफ्लो ९, सगळ्यात मोठी लिस्ट ६,२०० आयटमची, म्हणजे लिस्ट उघडून दाखवताना शेअरपॉइंट घालतं ती ५,००० ची व्ह्यूची मर्यादा ओलांडलेली. आणि खाली एकच प्रश्न: आमच्याकडे खरेदीची मंजुरी कधी कधी दीड महिना साहेबांच्या टेबलावर पडून असते, ते पॉवर ऑटोमेटमध्ये कसं करायचं? सर खूश. कारण खरी मेख तिथेच आहे, फ्लोचा (पॉवर ऑटोमेटमध्ये बसवलेल्या कामाचा) एक रन जास्तीत जास्त ३० दिवस चालतो, मग तो टाइमआउट होतो, जुना वर्कफ्लो मात्र महिनोन् महिने गप वाट बघत बसायचा. त्यांनी तिच्याच कागदाच्या मागे काढून दाखवलं की मंजुरीची स्थिती लिस्टच्या कॉलममध्ये ठेवायची, रोज एक फ्लो फिरवून अडकलेल्यांना आठवण पाठवायची, फ्लोलाच वाट बघत ठेवायचं नाही. दहा मिनिटांत तिचं काम झालं. माझी अडचण तीच होती हो! मला ती नीट मांडताच आली नाही.

तर कागदावर काय लिहायचं. ऑनलाइन की सर्व्हर हे सगळ्यात वर, कारण त्यावर अख्खं उत्तर बदलतं. फॉर्म किती, वर्कफ्लो किती, लिस्ट केवढी, लायसन्स कुठलं, प्रीमियम कनेक्टर (दुसऱ्या सिस्टीमशी जोडणारी, जास्तीच्या लायसन्सची सोय) घ्यायची परवानगी मिळेल का. एरर असेल तर तिचे शब्द जसेच्या तसे, 'काहीतरी परमिशनचं येतं' असं नाही. कोरिलेशन आयडी (एररसोबत दिसणारा लांबलचक कोड) लिहून नेऊ नका मात्र, ऑनलाइनमध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टशिवाय कुणालाच उघडून बघता येत नाही. आतापर्यंत काय करून बघितलं ते एका ओळीत. क्लायंटचं नाव, साइटचा पत्ता, कुणाचा मेल आयडी यातलं काहीही नको, तो कागद चार हातांतून फिरणार आहे.

हे आकडे आदल्या रात्री सापडत नाहीत, म्हणून पंधरा दिवस आधी सुरुवात करा. इन्फोपाथ आणि वर्कफ्लो मोजायला मायक्रोसॉफ्ट ३६५ असेसमेंट टूल आहे, फुकट आहे, सगळ्या साइट्स तपासून रिपोर्ट देतं, पण चालवायला ॲडमिनची परवानगी लागते आणि आपले ॲडमिन किती लवकर हो म्हणतात ते तुम्हाला माहितीये. मायक्रोसॉफ्टने हे बंद करायच्या तारखाही त्याच कागदावर टाका, ऑनलाइनमधले शेअरपॉइंट २०१३ वर्कफ्लो २ एप्रिल २०२६ पर्यंत, इन्फोपाथ १४ जुलै २०२६ पर्यंत. २०१० वाले तर २०२० मध्येच गेले. मॅनेजरला हे आकडे दाखवले तर शनिवारच्या बदल्यात कॉम्प-ऑफसुद्धा मिळेल कदाचित.

सेशन निवडताना नावावर जाऊ नका, लेव्हल बघा, १०० म्हणजे ओळख, ३०० म्हणजे हात मळवलेल्यांसाठी. कोपायलटच्या (मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस) सेशनला उभं राहायला जागा नसते आणि निम्मा वेळ डेमो लोड होण्यात जातो, असं माझं मत, चुकीचं असेल. त्याच वेळी शेजारच्या हॉलमध्ये परमिशन आणि गव्हर्नन्सचं (कोणी काय बघायचं, त्याचे नियम) रटाळ वाटणारं सेशन असतं, तिथे बसा. कोपायलट नवीन काही फोडत नाही, ज्या माणसाला जे बघायची परवानगी आहे तेच तो शोधून समोर ठेवतो, आणि कुणीतरी कधीकाळी पगाराच्या फोल्डरला 'एव्हरीवन एक्सेप्ट एक्स्टर्नल युजर्स', म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांना, परवानगी देऊन ठेवलेली असते. इतकी वर्षं ते कुणाला सापडत नव्हतं, एवढंच.

प्रवास. डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून मुंबईला येते, आपल्याला उलटं जायचंय, ती विसरा. जागा हिंजवडीत असेल तर बसने जा आणि वाकडला उतरा, पुणे स्टेशनला किंवा स्वारगेटला उतरून परत मागे येण्यात अर्धी सकाळ जाते. आयटी पार्कच्या गेटवर लॅपटॉपचा सिरियल नंबर रजिस्टरमध्ये लिहून घेतात, लॅपटॉप उलटा करून मोबाइलच्या टॉर्चने वाचत बसू नका, तोही कागदावर लिहा. बघा, पुन्हा कागदच.

विचारायची वेळ म्हणजे सेशननंतरची प्रश्नोत्तरं नव्हे, तिथे दोन मिनिटं असतात आणि माइक कायम भाषण करणाऱ्याच्याच हातात जातो. चहाच्या वेळी गाठा. जेवणाची रांग लांब, पण पुढेमागे ज्यांच्याशी बोलणं होतं त्यांचंही घोडं साधारण आपल्यासारखंच अडलेलं असतं, तेव्हा मोबाइल खिशात ठेवा.

स्पॉन्सरच्या स्टॉलवर बॅज स्कॅन केला की सोमवारपासून फोन सुरू, बघा तुम्ही. लकी ड्रॉला थांबायचं की बस पकडायची ते आधीच ठरवा, मी थांबलो, लागलं काही नाही, बस गेली.

परत आल्यावर फीडबॅक फॉर्म, स्लाइड्सची लिंक, ज्यांनी मदत केली त्यांना दोन ओळींचा मेसेज. रविवारीच उरका, सोमवारी होत नाही.

आणि कागद शर्टाच्या खिशात ठेवा, बॅगेत नको, बॅग कुठल्यातरी हॉलमध्ये खुर्चीवर जागा धरून बसलेली असते. दोन प्रती काढा, एक समोरचा माणूस ठेवून घेतो.