जुन्या मोटरहोमचं छत गळतंय? आधी थेंबाचा माग काढा

आमची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, १९९६ सालची, २६ फुटी. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग आहे. अमेरिकेत अशा गाडीला क्लास सी म्हणतात. ओहायोत घरी आणून महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात पावसात जेवायच्या टेबलावर टपटप सुरू झाली. मी शिडी लावून वर चढलो आणि टेबलाच्या बरोबर वर दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरलं. पुढच्या पावसात टपटप तशीच. पाणी शिरत होतं टेबलापासून आठ फूट पुढे, आणि माझं ते सिलिकॉन खरवडण्यात दोन शनिवार गेले.

या गाड्यांच्या छतात वर रबर, फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियमचा थर असतो, खाली प्लायवुड, मग वासे, इन्सुलेशन आणि शेवटी आतलं सीलिंग. वरून शिरलेलं पाणी प्लायवुडवरून, वायरींवरून वाहत जातं आणि दिव्याचं किंवा स्क्रूचं भोक सापडलं की तिथून खाली येतं. म्हणून सीलंटची, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाची, नळी हातात घ्यायच्या आधी भोक शोधायचं.

सुरुवात आतून करा. सगळी कपाटं रिकामी करून कोपरे बोटांनी दाबून बघा. मऊ लागलं, वॉलपेपर फुगलेला दिसला किंवा कुबट वास आला, तर तिथे ओल आहे. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर ठीक, २० च्या वर गेला तर पाणी मुरतंय असं समजा. छतावरच्या एसीच्या खाली पाणी दिसलं तर ते कधी येतं ते आठवा. कोरड्या दिवशी, एसी चालू असताना येत असेल तर ती पावसाची गळती नव्हे. एसीचंच पाणी बाहेर जायची वाट तुंबलेली असते.

मग पाण्याची परीक्षा. याला दोन माणसं लागतात. एकाने बागेची नळी धरायची, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. पाणी फवाऱ्याने मारू नका, नुसतं वाहू द्या, आणि खालून वर या: आधी खिडक्या, मग कोपऱ्यांच्या पट्ट्या, शेवटी छत. प्रत्येक जागेला दहा मिनिटं तरी द्या. मी पुढच्या कपाळावरच्या पाच पिवळ्या दिव्यांपाशी पोचलो तेव्हा आतून बायको ओरडली, "अरे थांब! टेबलावर काही नाही, पण पलंगाची गादी भिजतेय!" त्या दिव्यांच्या मागचं गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी मऊ पट्टी, वाळून भेगाळलं होतं. पाणी तिथून शिरून सीलिंगच्या आतून मागे टेबलापर्यंत येत होतं.

नेहमीचे इतर संशयित म्हणजे हवेच्या झरोक्यांची झाकणं, बाथरूमवरचा स्कायलाइट, फ्रिजच्या वरचं झाकण, टीव्हीचा अँटेना आणि मागच्या शिडीचे स्क्रू. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथल्या पट्टीत प्लास्टिकची एक बारीक फीत बसवलेली असते. ती उन्हाने आकसते, खालचे स्क्रू उघडे पडतात आणि गंजतात. फीत ओढून काढा, गंजके स्क्रू बदला, नवी फीत बसवा. खर्च किरकोळ, पण कितीतरी गळत्या इथेच थांबतात.

वर चढण्याआधी छत कशाचं आहे ते ओळखा. ओल्या बोटाने घासल्यावर खडूसारखं पांढरं लागलं तर ते बहुधा ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर. त्याला पेट्रोल, थिनर, मिनरल स्पिरिट लावायचं नाही, रबर फुगतं. जुन्या गाडीच्या मागच्या शिडीवर भरवसा ठेवू नका, तिचे स्क्रू ज्या लाकडात आहेत तेच कुजलेलं असू शकतं. वेगळी शिडी लावा, छत कोरडं असतानाच चढा, आणि प्लायवुडचा तुकडा अंथरून त्यावर गुडघे टेकून काम करा.

साफसफाईत सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जाऊ द्यावा. सुटलेलं, भेगाळलेलं सीलंट प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. हेअर ड्रायरने ऊब दिली की लवकर सुटतं. घट्ट धरलेलं, अखंड असेल ते राहू द्या, त्यावर नवं बसतं. सिलिकॉन मात्र शेवटच्या कणापर्यंत काढायचं, कारण त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. मग भांडी घासायच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसून घ्या.

आता सीलंट. सपाट भागावर आपोआप पसरणारं लॅप सीलंट वापरा. डायकॉर कंपनीचं सर्रास मिळतं, पण तुमच्या छताला चालतं का ते नळीवर वाचून घ्या. झाकणाच्या कडेवर आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर भरपूर घाला. उभ्या भागावर हे पाकासारखं ओघळतं, तिथे न ओघळणाऱ्या प्रकाराचंच हवं. हवा १० अंश सेल्सियसच्या वर असू द्या. काही तासांत त्यावर साय धरते, पूर्ण पक्कं व्हायला महिनाभरही लागू शकतो.

झाकणाची चौकटच हलत असेल तर वरून थापून उपयोग नाही. स्क्रू काढून चौकट उचला, खालची जुनी पट्टी खरवडा आणि नवी ब्युटिल टेप लावा. ही कणकेसारखी मऊ असते. स्क्रू आवळले की कडेने बाहेर येते. दुसऱ्या दिवशी परत थोडं आवळा, बाहेर आलेली कापा, मग वर लॅप सीलंट. लांब सांध्यांना आणि फाटलेल्या रबराला इटर्नाबॉंडसारखी चार इंची चिकटपट्टी बरी. ती एकदा टेकली की हलत नाही, म्हणून आधी कागद न काढता ठेवून माप घ्या, मग मागचा कागद थोडा थोडा सोडत रोलरने दाबत जा.

एसीखालून गळत असेल तर आतलं झाकण काढा. चार लांब बोल्ट दिसतील. ते आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. गॅस्केट दबून साधारण निम्म्या जाडीवर आलं की थांबा. ते आधीच पापडासारखं चपटं झालं असेल तर नवंच घाला. एसी ४० किलोच्या आसपास भरतो, एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका.

प्लायवुड कुजलं असेल तर ते वाशापर्यंत कापून त्याच जाडीचं नवं बसवावं लागतं. कापण्याआधी बाहेरची वीज आणि बॅटरी दोन्ही तोडा, छतात वायरी असतात. कुजका भाग दाराएवढा निघाला तर मी कारागीर बोलावतो. आणि आतली ओल पूर्ण वाळायच्या आत सीलिंग बंद करू नका, नाहीतर बुरशी आत कोंडली जाते.

मध्येच पाऊस आला तर ताडपत्री टाका, पण करकचून बांधा. वाऱ्याने फडफडली तर रबर घासून जातं.

कोकणात पावसाआधी घर शाकारतात, तशी आमची शाकारणी वर्षातून दोनदा होते: बर्फ वितळल्यावर आणि पानगळीत. वर चढून सगळी सीलंट बघायची, मग आत येऊन पलंगाच्या कोपऱ्यातली पेन्सिलीची रेघ. डाग अजून रेघेच्या आतच आहे.