जे-वन व्हिसावर अमेरिकेत हॉटेल ट्रेनिंगला जाताय? या चुका टाळा

हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या मुलांचे फोन मला वर्षभर येतात. कुणी दादरच्या कॅटरिंग कॉलेजातून निघालेला, कुणी गोव्यात पर्वरीला शिकलेली, कुणी पुण्यातल्या हॉटेलात दोन वर्षं काढलेला. जायच्या आधीचे प्रश्न ठरलेले असतात: बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या इंटरव्ह्यूत काय विचारतात, थंडीचे कपडे इथूनच न्यावेत का. रात्री दोन-अडीचला वाजणारे फोन मात्र तिथे पोचलेल्यांचे असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. मुलाला वाटतं, आपण हॉटेलच्या व्हिसावर आलोय.

तसं नसतं. तुमचा कार्यक्रम स्पॉन्सरचा असतो. स्पॉन्सर म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था. तुमचा डीएस-२०१९, म्हणजे ज्यावर व्हिसा मिळतो तो कार्यक्रमाचा दाखला, तीच काढते, सेव्हिस या सरकारी नोंदवहीत तुमचं नाव तीच चढवते आणि वेळ आली तर तीच खोडते. हॉटेल फक्त यजमान. जे-वन ज्या १९६१च्या कायद्यातून आला, त्याचा हेतूच शिक्षण आणि सांस्कृतिक देवाणघेवाण हा आहे. पगार मिळतो, शिफ्ट लागते, युनिफॉर्म असतो, म्हणून ती नोकरी वाटते. कागदावर तुम्ही शिकायला आलेले असता. हे डोक्यात नीट बसलं नाही की पुढच्या चुका आपोआप होतात.

हॉटेलच्या एचआरला सांगितलं म्हणजे झालं, असं समजणं

पोचल्यावर मुलं एचआरला भेटतात, ओळखपत्र घेतात आणि कामाला लागतात. स्पॉन्सरला कळवायचं राहून जातं. कार्यक्रम सुरू होण्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत स्पॉन्सरने सेव्हिसमध्ये तुमची नोंद चालू करायची असते. त्यासाठी त्यांना तुमचा तिथला पत्ता आणि बहुतेक वेळा आय-९४ची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची, प्रत लागते. आय-९४ सरकारी संकेतस्थळावरून स्वतः काढायचा असतो. विमानतळावरून मुक्कामी पोचलात की त्याच दिवशी तो काढा आणि त्यावर ‘जे-१’ आणि ‘डी/एस’ (म्हणजे कार्यक्रम चालू असेतोवर राहण्याची मुभा) लिहिलंय ना ते बघा. कधीकधी अधिकाऱ्याकडून भलताच प्रवर्ग टाकला जातो, आणि तो सुरुवातीलाच दुरुस्त करून घेणं फार सोपं असतं.

नोंद चालू होण्याआधी सोशल सिक्युरिटी नंबरसाठी, म्हणजे पगार आणि करासाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकासाठी, जाऊ नका. खिडकीवरच्या माणसाला संगणकात तुमची नोंद चालू दिसत नाही, तो परत पाठवतो आणि तुमची सुट्टी वाया जाते.

पत्त्याचंही तेच. घर, फोन किंवा ईमेल बदलला की १० दिवसांच्या आत स्पॉन्सरला कळवावं लागतं. मी स्वतः जे-वनवर ट्रेनी होतो तेव्हा यात चुकलो होतो. तिसऱ्या महिन्यात हॉटेलची खोली सोडून तिघांनी मिळून अपार्टमेंट घेतलं. एचआरच्या बाईंना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, मी निश्चिंत झालो. दीड महिन्याने स्पॉन्सरचा मेल आला: ‘तुम्ही नोंदलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचं समजतं, तातडीने खुलासा करा.’ त्या रात्री झोप लागली नाही. खुलासा दिला, माफी मागितली, निभावलं. पण तो मेल मी बघितलाच नसता तर, या विचाराने आजही धस्स होतं. म्हणून सांगतो, स्पॉन्सरचे मेल रोज उघडा. स्पॅममध्येही डोकवा.

डीएस-७००२वर न वाचता सही करणं

सगळ्यात मोठं नुकसान मला इथे दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डीएस-७००२ म्हणजे तुमचा ट्रेनिंगचा आराखडा. कोणत्या टप्प्यात कोणतं खातं, काय शिकवणार, कोण शिकवणार, पगार किती, हे सगळं त्यात असतं. त्यावर तुमची, हॉटेलची आणि स्पॉन्सरची, अशा तिघांची सही असते. मुलं तो व्हिसासाठीचा आणखी एक कागद समजून सही करून टाकतात आणि बॅगेच्या तळाशी ठेवतात. तुमच्या बाजूने बोलणारा कागद तोच आहे.

नियम असे: हॉटेल आणि पर्यटन क्षेत्रातलं ट्रेनिंग जास्तीत जास्त १२ महिन्यांचं असतं. ते सहा महिने किंवा अधिक असेल तर किमान तीन खात्यांत फिरवणं बंधनकारक आहे. आठवड्याला किमान ३२ तास मिळाले पाहिजेत. कारकुनी काम २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. अकुशल मजुरीचं काम तर देताच येत नाही.

माझ्या आराखड्यात आधी चार महिने कोल्ड किचन, मग हॉट किचन, शेवटी बँक्वेट आणि पेस्ट्री असं होतं. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यानंतर मला ब्रेकफास्टला लावलं. पहाटे साडेपाचला हजेरी. समोर सहा पॅन, डाव्या हाताला फेटलेल्या अंड्यांचं भांडं, उजवीकडे कांदा, मिरची, मशरूम, चीज. साडेदहापर्यंत ऑम्लेट, मग दुसऱ्या दिवसाचं चिरणं. दिवसाला दीडशे ऑम्लेट सहज व्हायची. पहिले पंधरा दिवस हात बसला, मजा आली. पाचव्या महिन्यातही मी तिथेच होतो.

सहा महिन्यांपेक्षा मोठ्या ट्रेनिंगमध्ये मध्यावर एक आणि शेवटी एक मूल्यमापन असतं, त्यावर ट्रेनी आणि सुपरवायझर दोघांच्या सह्या लागतात. आमच्या सू-शेफने तो अर्ज आधीच भरून आणला. पहिला टप्पा ‘पूर्ण’. पेन माझ्या हातात देऊन ते म्हणाले, इथे सही कर, आज पाठवायचाय. बाहेर बफेची गर्दी होती. मी म्हटलं, शेफ, घरी नीट वाचतो आणि उद्या देतो. तेवढं वाक्य बोलायला मला किती बळ लागलं ते मलाच ठाऊक.

घरी आराखडा काढला, वहीतल्या तारखा त्याच्याशेजारी मांडल्या. दुसऱ्या दिवशी शेफना ते शांतपणे दाखवलं आणि मूल्यमापनात खरं होतं तेच लिहिलं. स्पॉन्सरलाही सहा ओळींचा मेल केला. तक्रारीचा सूर ठेवला नाही, फक्त तारखा दिल्या. दोन आठवड्यांत मी ग्रिलवर होतो. शेफ वाईट नव्हते. ब्रेकफास्टची दोन माणसं सोडून गेली होती आणि मी हाताशी होतो, इतकंच. पण मी सही केली असती तर न मिळालेलं ट्रेनिंग मिळालं असं मीच लिहून दिलं असतं.

म्हणून एक साधी वही ठेवा. तारीख, खातं, तास, कोणी काय शिकवलं. रोजची दोन मिनिटं लागतात. पगाराच्या वेळीही तीच उपयोगी पडते: तासावर पगार असेल तर आठवड्याच्या ४० तासांपुढे दीडपट दर हा अमेरिकेतला केंद्रीय कायदा आहे, आणि तो ट्रेनीलाही लागू आहे.

सुट्टीच्या दिवशी बाहेर काम करणं

‘दादा, शेजारच्या इंडियन रेस्टॉरंटवाले रविवारी बोलावतात, कॅश देतात, कुणाला कळणार?’ हा प्रश्न मला हमखास येतो. उत्तर एकच: ‘नाही’. आराखड्यात नाव असलेल्या यजमानाखेरीज कुठेही काम करता येत नाही. तेच हॉटेल दुसऱ्या शाखेत पाठवत असेल तरी आधी स्पॉन्सरची मंजुरी लागते. यजमान बदलायचा असेल तर तेही स्पॉन्सरमार्फतच.

आपल्या मुलांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे घरगुती ऑर्डर. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला मोदक वळायला जरूर जा, त्याने मन भरतं. पण दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेऊन पैसे घेतलेत, तर ते परवानगीशिवाय केलेलं कामच ठरतं.

हात कापला की आपला विमा दाखवणं

जे-वनवर विमा सक्तीचा आहे: दर आजारामागे किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण, वैद्यकीय कारणाने मायदेशी नेण्यासाठी ५०,०००, दुर्दैवाने मृत्यू आला तर पार्थिव आणण्यासाठी २५,०००, आणि विमा लागू होण्याआधी तुम्ही भरायची रक्कम (डिडक्टिबल) दर खेपेला ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. तो जाणूनबुजून बंद पडू दिला तर स्पॉन्सरला कार्यक्रम संपवावाच लागतो.

किचनमध्ये कापलं, भाजलं, घसरून पडलात तर मात्र हा विमा पुढे करायचा नाही. कामावरच्या दुखापतीसाठी वर्कर्स कॉम्पेन्सेशन हा वेगळा विमा असतो, आणि राज्याच्या नियमांप्रमाणे तो हॉटेलकडे आहे ना, हे स्पॉन्सरने तपासायचं असतं. सुपरवायझरला लगेच सांगा आणि नोंद लेखी करून घ्या. ‘शेफ रागावतील’ म्हणून फडकं बांधून काम करत राहिलेला एक मुलगा मला माहीत आहे. टाके पडले, बिल त्याच्या नावावर आलं आणि ते निस्तरायला चार महिने गेले.

पासपोर्ट आणि डीएस-२०१९ कुणाकडेही ‘सांभाळायला’ देऊ नका. कागद अडकवून कुणी धमकावत असेल तर स्पॉन्सरला सांगा, किंवा मानवी तस्करीविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १-८८८-३७३-७८८८ फिरवा. व्हिसा इंटरव्ह्यूच्या वेळी हक्कांची जी पुस्तिका देतात ती विमानात तरी वाचा.

न सांगता निघून येणं

घरी वडील आजारी पडले, किंवा तिथे मनच लागेना, म्हणून मुलं तिकीट काढतात आणि हॉटेलला सांगून निघतात. स्पॉन्सरच्या दृष्टीने तो बेपत्ता ट्रेनी होतो, आणि नोंद ‘टर्मिनेटेड’ झाली तर पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ती आडवी येते. आधी एक मेल टाकून निघालात तर कार्यक्रम मुदतीआधी रीतसर संपला अशी नोंद करता येते. थोड्या दिवसांसाठी येऊन परत जायचं असेल तर डीएस-२०१९वर स्पॉन्सरची प्रवासाची सही घ्या. तिकिटाच्या आधी घ्या.

राहण्याची मुदत व्हिसाच्या शिक्क्यावर बघू नका, ती डीएस-२०१९वरच्या तारखेवर चालते. कार्यक्रम व्यवस्थित पूर्ण झाला की पुढे ३० दिवस मिळतात. त्यात देश बघा, पण काम एक तासही नाही. आणि नायगारा बघता बघता कॅनडाच्या बाजूला गेलात तर जे-वनवर परत घेतीलच, हे धरून चालू नका.

एक दिलासा: कार्यक्रमानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट भारतीयांना ज्या कौशल्य-यादीमुळे (कोणत्या देशाला कोणत्या कौशल्यांची गरज आहे, त्याची अमेरिकी यादी) लागायची, त्या यादीतून ९ डिसेंबर २०२४ला भारत वगळला गेला. सरकारी पैशावर गेलेल्यांना ती अट अजूनही लागू शकते. ट्रेनी म्हणून पुन्हा जायचं असेल तर मध्ये दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात, तो नियम वेगळा आणि कायम आहे.

पगाराची पावती न बघणं

जे-वन ट्रेनीला साधारणपणे पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कर लागत नाही. बऱ्याच हॉटेलांच्या पेरोलला हे ठाऊक नसतं आणि दर १०० डॉलरमागे ७ डॉलर ६५ सेंट कापले जातात. पहिल्याच पावतीवर बघा आणि पेरोलला लेखी कळवा. कापून गेले असतील तर आधी हॉटेलकडे मागा. त्यांनी नाही दिले तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून कर खात्याकडे मागता येतात. केंद्रीय आयकर मात्र लागतो, आणि त्याचं विवरणपत्र १०४०-एनआर १५ एप्रिलपर्यंत भरायचं असतं, सोबत फॉर्म ८८४३. सरसकट ‘१०४०’, म्हणजे तिथल्या रहिवाशांचं विवरणपत्र, भरून देणाऱ्या स्वस्त एजंटच्या नादी लागू नका.

वर्षाचा डब्ल्यू-२, म्हणजे पगार आणि कपातीचा दाखला, जानेवारीअखेरपर्यंत निघतो, तोवर तुम्ही कदाचित सांगलीला किंवा म्हापशाला परतलेले असाल. निघायच्या आधी पेरोलच्या संकेतस्थळावर स्वतःचा ईमेल घाला, त्याचा पासवर्ड लिहून ठेवा आणि घरचा पत्ता पिनकोडसकट द्या. डब्ल्यू-२ हातात आला की चौथा आणि सहावा रकाना (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात) बघा. तिथे आकडा दिसला तर तुमचे पैसे अडकलेले आहेत.