लिम्फोमा परत आलाय, आता कुठली ट्रीटमेंट घ्यायची ते कसं ठरवायचं

दादाचा पेट स्कॅनचा रिपोर्ट वहिनीने व्हॉट्सॲपवर टाकला तेव्हा मी संध्याकाळच्या ठाणे स्लोमध्ये लटकत होते, घाटकोपर गेलं, विक्रोळी गेलं, मी त्या एकाच ओळीवर अडकले होते, मानेत डाव्या बाजूला नवीन गाठी. लिम्फोमावरच्या (म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरवरच्या) आर-चॉप नावाच्या केमोच्या सहा सायकल संपून सव्वादोन वर्षं झाली होती, आमच्या लेखी तो विषय मिटला होता. आत्ता ज्यांच्या घरी असा रिपोर्ट येऊन पडलाय त्यांच्यासाठी लिहितेय. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, पण प्रत्येक घरात फाइल घेऊन फिरणारं एक माणूस असतं ना, ते आमच्याकडे मी होते.

सगळ्यात आधी एक सांगते, नवीन बायोप्सीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत 'कुठली ट्रीटमेंट' यावर घरात चर्चासुद्धा करू नका. आम्हाला एका ठिकाणी सांगितलं की पेटमध्ये दिसतंय ना, मग परत कशाला कापाकापी, सोमवारी ॲडमिट व्हा केमो चालू करू, आणि दादाने सहीसाठी खिशातून पेन काढलं पण होतं. वहिनी म्हणाली दोन दिवस द्या, बरं झालं म्हणाली. पेटमध्ये जे चमकतं ते सगळं कॅन्सर नसतं, शरीरातल्या ज्या पेशी साखर जास्त खातात ती जागा चमकते, इन्फेक्शन पण चमकतं आणि टीबीची गाठ तर अगदी तशीच चमकते, आणि मुंबईत टीबी काय दुर्मिळ आहे का. दुसरं म्हणजे आजार परत येताना रूप बदलून येऊ शकतो, फॉलिक्युलरसारखा सावकाश चालणारा लिम्फोमा कधीकधी डीएलबीसीएल (डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा) अशा फास्ट प्रकारात बदलतो आणि मग औषधांचं सगळं गणितच वेगळं. तिसरं कारण, पेशींवर सीडी२०, सीडी१९ वगैरे खुणा असतात, औषधं त्याच खुणा बघून चिकटतात, आधीच्या औषधांनंतर कधीकधी ती खूणच गायब झालेली असते. आणि बायोप्सी म्हणजे बारीक सुईने केलेली एफएनएसी नाही, शक्यतो अख्खी गाठ, ते जमत नसेल तर निदान कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने काढलेला तुकडा. जुन्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पहिल्या बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड्स असतात त्या अर्ज करून ताब्यात घ्या, नवीन पॅथॉलॉजिस्टला जुनं-नवं शेजारी ठेवून बघता येतं.

रिपोर्ट आला की दोन गोष्टी कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, लिम्फोमाचं पूर्ण नाव आणि आधीची ट्रीटमेंट संपल्यापासून किती महिने झाले. लिम्फोमा हे एका आजाराचं नाव नाही, प्रकार ढीगभर आहेत, त्यामुळे शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंना जे लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही. आणि महिन्यांचा हिशोब डीएलबीसीएलमध्ये फार म्हणजे फारच महत्त्वाचा. आजार बारा महिन्यांच्या आत परत आला किंवा पहिल्या केमोला दबलाच नाही, तर परत केमो देऊन ट्रान्सप्लांट करण्यापेक्षा कार-टी थेरपी (पेशंटच्याच टी सेल, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, लॅबमध्ये बदलून परत देणं, पुढे सांगतेच) जास्त चालते असं २०२१ च्या शेवटी आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं (त्याच वेळच्या तिसऱ्या अभ्यासात, वेगळी कार-टी होती, फरक दिसला नाही, म्हणून कार-टी म्हणजे सगळ्या सारख्याच असं पण नाही). वर्षाच्या नंतर परत आला, तब्येत ठीक आहे, तर जुनीच वाट अजून चालते, म्हणजे वेगळी केमो आणि मग स्वतःच्याच स्टेम सेलचा (रक्त बनवणाऱ्या पेशींचा) ट्रान्सप्लांट. दादा या दुसऱ्या गटातला.

'पहिल्यांदा आर-चॉपने बरं झालं होतं तर परत तेच द्या ना' हे आमच्या आत्याने विचारलं आणि खरं सांगते माझ्याही मनात तेच होतं. एक तर ज्या पेशी उरल्या त्या आर-चॉप झेलून उरल्यात. आणि त्यातलं ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, हार्टवर परिणाम करतं म्हणून त्याला अख्ख्या आयुष्याची लिमिट असते, साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम दर चौरस मीटरला, आणि सहा आर-चॉपमध्येच ३०० होऊन जातात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर आधी काय किती दिलं ते तपासा, आणि टूडी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, नवीन करून घ्या.

आता डॉक्टरांसमोरचा पहिला प्रश्न, ही ट्रीटमेंट आजार मुळातून घालवायला आहे की ताब्यात ठेवायला? हा प्रश्न विचारताना जीभ जड होते माझं झालं होतं, पण उत्तराशिवाय पुढचं काहीच तोलता येत नाही. फॉलिक्युलरमध्ये बऱ्याचदा ताब्यात ठेवणं हाच हिशोब असतो, त्रास नसेल तर परत आल्यावरही नुसतं लक्ष ठेवतात आणि लोक घाबरतात की डॉक्टर काही करतच नाहीत. गरज पडली तर रिटुक्सिमॅबबरोबर (आर-चॉपमधला 'आर' तोच) लेनालिडोमाइडच्या गोळ्या वगैरे असतं. मँटल सेल नावाच्या प्रकारात इब्रुटिनिब, ॲकॅलाब्रुटिनिब अशा रोजच्या गोळ्या. हॉजकिन प्रकारात ब्रेंटुक्सिमॅब आणि निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी, आणि तरुण पेशंट असेल तर त्यानंतर ट्रान्सप्लांट.

ट्रान्सप्लांट शब्द ऐकून आई रडायलाच लागली, तिला वाटलं ऑपरेशन. ऑपरेशन नसतं, डोनर पण नसतो. आधी आर-आईस, आर-जीडीपी अशी कुठलीतरी केमो दोन-तीन वेळा, मग परत पेट, आणि खरी परीक्षा इथे आहे कारण आजार या केमोला दबला तरच ट्रान्सप्लांटला अर्थ, आणि ढोबळमानाने निम्मेच लोक तिथपर्यंत पोचतात. 'नाही दबला तर पुढचा प्लॅन काय' हे पहिली केमो चढायच्या आधीच विचारून ठेवा. दबला तर पोटावर इंजेक्शनं देऊन स्टेम सेल रक्तात आणतात, मशीनवर चार-पाच तास बसवून गोळा करतात, गोठवून ठेवतात, मग बीम नावाची जबरदस्त केमो आणि सेल परत. त्यातल्या मेल्फलानच्या वेळी नर्सने दादाला बर्फाचे खडे चघळत ठेवायला सांगितलं होतं, तोंड गार राहिलं की तिथे औषध कमी पोचतं आणि फोड कमी येतात, दादा म्हणाला लहानपणी गोळेवाल्याकडे जेवढा बर्फ खाल्ला नाही तेवढा त्या एका दिवसात खाल्ला. सेल चढवल्यावर अंगाला लसणीसारखा वास येतो, तो सेल गोठवताना घातलेल्या औषधाचा, घाबरू नका. रक्तातल्या पेशींचे काउंट वर यायला दहा-बारा दिवस, हॉस्पिटलात तीन-चार आठवडे. इन्फेक्शनचा धोका खरा आहे, जिवाचा धोका शून्य नाही, त्या सेंटरचा स्वतःचा आकडा काय ते सरळ विचारा. मूल हवं असेल तर स्पर्म किंवा एग्ज गोठवायचं या सगळ्याच्या आधी विचारा, हे आपणहून सांगतीलच असं नाही.

कार-टीमध्ये पेशंटच्याच टी सेल काढून लॅबमध्ये त्यांना सीडी१९ ओळखायला शिकवतात आणि परत सोडतात. आपल्याकडची पहिली, नेक्सकार१९, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून केली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी, ४ एप्रिल २०२४ ला पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते लाँच. परदेशात तीन कोटींच्या पुढे जातं ते इथे लाँचच्या वेळी चाळीसेक लाखांत होतं, म्हणजे स्वस्त म्हणावं की महाग तेच कळत नाही. सेल तयार होईपर्यंत काही आठवडे जातात, तोपर्यंत आजार थोपवून धरावा लागतो. नंतर जोरदार ताप, बीपी पडणं, डोक्यावर परिणाम हे होऊ शकतं. दादाच्या शेजारच्या खोलीत एका काकांची कार-टी चालू होती, काकूंनी सांगितलं की नर्स रोज त्यांच्याकडून एक वाक्य लिहून घेतात, काका रोज 'उपमा खारट आहे' असं लिहायचे, सहाव्या दिवशी ती ओळ कागदावरून खाली घसरत गेली, त्यावरूनच कळलं की मेंदूला त्रास चालू झालाय, लगेच स्टिरॉइड चालू केलं. दोन दिवसांनी उपमा परत सरळ रेषेत खारट. म्हणून साधारण महिनाभर हॉस्पिटलच्या जवळ राहायला लागतं, विरार-बदलापूर म्हणजे जवळ नाही. त्यानंतरही कित्येक महिने इन्फेक्शनपासून जपावं लागतं.

ग्लोफिटामॅब, एपकोरिटामॅब ही बायस्पेसिफिक (एका बाजूने कॅन्सरच्या पेशीला, दुसऱ्या बाजूने टी सेलला धरणारी) इंजेक्शनं अजून एक वाट, यात सेल बनायची वाट बघावी लागत नाही, पण खर्च भयंकर.

माझ्या मते सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हा आहे, हे आत्ता घेतलं तर पुढचं काय घेता येणार नाही? उदाहरण देते, बेंडामुस्टिन चांगलं औषध आहे पण टी सेलना मार देतं, कार-टीसाठी सेल काढायच्या थोडं आधी दिलं तर काढलेल्या सेलची क्वालिटीच खराब, म्हणून पुढे कार-टीचा विचार असेल तर क्रम सांभाळावा लागतो. जास्त केमो झाल्या तर ट्रान्सप्लांटसाठी पुरेसे स्टेम सेल निघत नाहीत. आपण भाजी निवडल्यासारखं 'बेस्ट कुठलं' विचारत बसतो, इथे कुठलं कशाच्या आधी यावर खूप काही ठरतं.

पैशांचं आधी बोला, लाजू नका. लेखी एस्टिमेट मागा, त्यात आयसीयू आणि महागडी अँटिबायोटिक्स धरलीत का बघा. मेडिक्लेम असेल तर बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं कव्हर असतं पण त्यावर सबलिमिट, म्हणजे वेगळी कमी मर्यादा, लावलेली असू शकते, आमच्या पॉलिसीत होती आणि ती एजंटलाच माहीत नव्हती. महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत आहे, तुमचं पॅकेज त्यात बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून विचारा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवावे लागतात, बाहेरून कितीही पॉश दिसो, सोशल वर्करकडे जाऊन विचाराच. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि सिद्धिविनायक ट्रस्टचे अर्ज पण भरा, एस्टिमेटची मूळ प्रत लागते म्हणून दोन-तीन प्रतींवर शिक्के मारून घ्या. बाहेरगावचे असाल तर परळचं नाना पालकर स्मृती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, नंबर लागायला वेळ जातो म्हणून लवकर जा. लोकलला अपंगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला चालतं, कागद जवळ ठेवा, कोणी ना कोणी वाद घालतंच.

सेकंड ओपिनियन घ्याच, पण जिथे ट्रान्सप्लांट आणि कार-टी दोन्ही होतात अशा ठिकाणच्या हेमॅटॉलॉजिस्टचं (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांचं) घ्या, कारण ज्याच्याकडे जे असतं ते तो आधी सांगतो, वाईट हेतूने असं नाही, माणसाचा स्वभाव. आणि दोनच घ्या. आम्ही चौथ्याकडे निघालो होतो तेव्हा दादाची गाठ शर्टाच्या कॉलरला लागायला लागली होती. डीएलबीसीएलला आठवडे मोजून असतात, सावकाश चालणाऱ्याला थोडी सवड असते.

प्रत्येक भेटीला एकाच माणसाने बोलायचं, एकाने लिहायचं. आणि पेशंटला बोलू द्या, हे आम्ही विसरलोच होतो, मी आणि वहिनी सगळं विचारत होतो, शेवटी दादाच म्हणाला, डॉक्टर माझा एक प्रश्न आहे, गणपतीला गावी जाता येईल का. डॉक्टरांनी कॅलेंडर ओढून घेतलं, म्हणाले केमो पुढे ढकलणार नाही, पण दोन सायकलच्या मधला आठवडा तिथे येतोय, काउंट बरे असले तर तीन दिवस जा, मास्क लावून, विसर्जनाच्या गर्दीत नाही. काउंट बरे निघाले. दीड दिवसाचाच असतो आमचा गणपती, तेवढ्यात झालं.