स्वादुपिंडातील सिस्टच्या द्रवाची तपासणी : या चुका टाळा

एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड (तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) करताना स्वादुपिंडातील सिस्टमधून, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीतून, सुईने ओढलेला द्रव अनेकदा जेमतेम एक-दोन मिलिलिटर भरतो आणि तो वाया गेला, की रुग्णाला पुन्हा भूल देऊन सुई घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सोलापुरात माझ्या टेबलावर येणाऱ्या नमुन्यांची माती होते ती बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे, तर त्याआधीच. मागे एक नमुना सगळाच्या सगळा फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवण्याच्या रसायनात) बुडवून आला होता. बायोप्सीच्या तुकड्यांची सवय हाताला लागली की असे होते. त्यातून ना ग्लुकोज मोजता आले, ना सीईए (कार्सिनोएम्ब्रायोनिक अँटिजेन हे प्रथिन).

द्रव ताजा, काहीही न मिसळता आणि बर्फावर ठेवून पाठवावा. पहिला थेंब ग्लुकोजसाठी वापरावा, कारण द्रवातील पेशी ग्लुकोज खात राहतात आणि एप्रिल-मेच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात पुण्याला निघालेल्या डब्यात आकडा खोटाच खाली येतो. उरलेला द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा निवळ भाग सीईए आणि अमायलेज या पाचक विकरासाठी व तळाचा गाळ पेशीतपासणीसाठी ठेवावा. तत्पूर्वी हातमोजा घातलेल्या अंगठा आणि तर्जनीत एक थेंब धरून बोटे हलकेच दूर न्यावीत. एकतारी पाकासारखी सेंटीमीटरभर तार निघाली, तर सिस्ट श्लेष्मल (चिकट श्लेष्म बनवणारी) असण्याची शक्यता बळावते. असा चिकट द्रव यंत्राची नळी तुंबवतो, म्हणून तो पातळ करूनच लावावा आणि किती पट पातळ केला तेही लिहून ठेवावे.

सर्वांत महागात पडणारी चूक आकड्यांच्या वाचनात होते. सीईए १९२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त असणे सिस्ट श्लेष्मल, म्हणजे कर्करोगपूर्व गटातली असल्याचे सुचवते. कर्करोग झाला आहे असे ते सांगत नाही, आणि आकडा हजारांत गेला म्हणून गाठ अधिक घातक ठरत नाही. ग्लुकोज ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली असले तरी कल श्लेष्मल सिस्टकडेच असतो, मात्र जंतुसंसर्ग झालेल्या स्यूडोसिस्टमध्येही (स्वादुपिंडाच्या दाहानंतर द्रव साचून झालेल्या, स्वतःचे अस्तर नसलेल्या पिशवीतही) ते उतरते. अमायलेज २५० युनिटांखाली असेल तर स्यूडोसिस्ट जवळपास बाद होते. उलट ते जास्त आहे म्हणून स्यूडोसिस्टच असे मात्र म्हणता येत नाही, कारण आयपीएमएन (स्वादुनलिकेत वाढणारी श्लेष्मल गाठ) स्वादुनलिकेशी जोडलेली असते आणि त्यामुळे तिच्या द्रवातही अमायलेज वाढलेले असू शकते.

पेशी वाचताना सुई कुठून गेली हे ठाऊक नसेल, तर जठराच्या अस्तराचे निरोगी पेशीसमूह सौम्य श्लेष्मल गाठ म्हणून आणि ग्रहणीतून (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून) आलेल्या गॉब्लेट (श्लेष्म स्रवणाऱ्या) पेशी विकृती म्हणून खपून जातात. म्हणून अर्जावर ‘जठरातून’ की ‘ग्रहणीतून’ हे लिहिलेच पाहिजे. (आमच्याकडे ही ओळ बहुधा कोरीच येते.)

‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ आणि ‘नमुन्यात पेशीच नव्हत्या’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. दुसऱ्या स्थितीत पहिले वाक्य लिहिल्यास रुग्ण निर्धास्त होऊन घरी जातो. सिस्टच्या द्रवात पेशी विरळच असतात, त्यामुळे स्वादुपिंडाची मुख्य नलिका १० मिलिमीटर किंवा अधिक रुंद असेल अथवा सिस्टच्या भिंतीवर रक्तपुरवठा असलेली ५ मिलिमीटर वा मोठी गाठ दिसत असेल, तर निर्दोष पेशीतपासणीने शंका मिटत नाही. नमुन्यासोबत सीटी किंवा एमआरआयचा अहवाल नसेल, तर मी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करतो आणि तो हाती येईपर्यंत निष्कर्षाची ओळ रिकामी ठेवतो.