‘टू’ म्हणजे आपलं ‘लय’ नव्हे

आपल्या कोल्हापुरात ‘लय’ कुठंही चालतं: लय भारी, लय तिखट, लय आवडलं. इंग्रजीत मात्र पुढचा शब्द बघावा लागतो. परगावच्या पाहुण्याला तांबडा रस्सा वाढताना ‘इट इज टू टेस्टी’ म्हणू नका. ‘टू’ म्हणजे प्रमाणाबाहेर, नको इतकं. ‘टू स्पायसी’ ऐकलं की तो वाटी बाजूलाच सारेल. ‘व्हेरी टेस्टी’ म्हणा. ‘डिलिशस’मध्ये ‘अतिशय’ आधीच मुरलेलं असतं, म्हणून त्याला ‘व्हेरी’पेक्षा ‘अ‍ॅब्सोल्यूटली’, म्हणजे ‘अगदी’, शोभतं. ‘आय व्हेरी लाइक इट’ तर सरळ चूक, क्रियापदाआधी ‘व्हेरी’ असं लागत नाही. मला विचाराल तर आधी ‘रिअली’ जिभेवर बसवा: ‘रिअली टेस्टी’, ‘रिअली डिलिशस’, ‘आय रिअली लाइक इट’, तिन्हीकडं चालतं.