काळ्या सायकलला मोटर बसवताय? आधी या चुका टाळा

"मोटर मागवली, आता जुनी सायकल शोधतोय." असा फोन आला की मी कपाळावर हात मारतो. काम उलट्या बाजूनं सुरू झालेलं असतं. मोटर कुठलीही मिळते, पण ती झेलणारं चाक, चिमटा (चाक धरणारा फोर्क) आणि ब्रेक आधी हातात हवेत. गेल्या सहा वर्षांत मी सांगलीत स्वतःच्या दोन आणि ओळखीपाळखीतल्या चार-पाच सायकलींना हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागीच बसणारी मोटर, बसवल्या. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

सायकल कुठली घ्यायची, इथूनच गोंधळ. बाजारात 'क्रूझर' म्हणून जी मिळते ती दिसायला झकास असते: जाड टायर, कमानीसारख्या वाकवलेल्या नळ्या, रुंद सीट. हे घराणं अमेरिकन. १९३३ साली श्विन कंपनीनं फुगीर टायर आणले आणि पुढे या सायकलींना मोटरसायकलसारखी खोटी टाकी लावायची फॅशन आली. आत पेट्रोलचा थेंब नाही! अडचण अशी की वाकवलेल्या नळ्यांमध्ये बॅटरीची सरळ पेटी बसत नाही, मग ती मागच्या कॅरिअरवर चढते. अमेरिकेत-युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनी आणखी एक बघावं. तिकडच्या पुष्कळ क्रूझरला उलटं पायडल मारलं की लागणारा एकच ब्रेक असतो, आणि तो मागच्या हबमध्ये असतो. मागं हब मोटर घातली की सायकलचा एकमेव ब्रेकच काढून टाकलात.

आपल्याकडची खरी क्रूझर म्हणजे दांडीची काळी सायकल. ऐसपैस बसायचं, हँडल अंगाकडे वळलेलं, सीटखाली स्प्रिंगा, आणि दांडीखाली बॅटरीला भरपूर जागा. फक्त चाकाचं गणित जुळत नाही, आणि ते कुणी आधी सांगत नाही.

हब मोटरला तारा ओवायला साधारण ३६ भोकं असतात. काळ्या सायकलच्या रिंगला पुढं ३२, मागं ४०. म्हणजे तुमची जुनी रिंग मोटरवर विणताच येत नाही. मग दुकानदार २६ इंची तयार चाक देतो आणि "बसतंय की!" म्हणतो. बसतं, पण ब्रेक लागत नाही. काळ्या सायकलचा दांड्याचा ब्रेक रिंगच्या आतल्या अंगाला दाबतो. २८ इंची रिंगचा टायर बसायचा व्यास ६३५ मिलिमीटर, २६ इंचीचा ५५९. फरक निम्मा केला तरी ब्रेकचं रबर आणि रिंग यांत ३८ मिलिमीटरची फट. शिवाय २६ इंचातही दोन जाती आहेत. २६ × १.९५ चा टायर ५५९ च्या रिंगवर बसतो, २६ × १⅜ चा ५९० च्या. आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो. तो न वाचता टायर आणून मी एकदा अख्खी संध्याकाळ टायरलिव्हरशी कुस्ती खेळलोय.

यावर मला पटलेला उपाय: ३६ भोकांची सातशे-सी मापाची अ‍ॅल्युमिनियम रिंग घ्यायची. तिचा व्यास ६२२, म्हणजे मूळ रिंगपेक्षा जेमतेम साडेसहा मिलिमीटर आत. सायकलची उंची बिघडत नाही. चिमट्याच्या माथ्याला भोक असेल तर लांब हातांचा कॅलिपर ब्रेक त्यात बसतो. भोक नसेल तर हट्ट सोडा. सस्पेन्शन नसलेली, लोखंडी चिमट्याची, व्ही-ब्रेकची साधी सायकल घ्या आणि तिला काळ्या सायकलचं हँडल नि स्प्रिंगची सीट लावा. आराम तोच, ब्रेक मात्र पावसातही लागेल. स्टीलच्या ओल्या रिंगवर दांड्याचा ब्रेक किती लागतो हे ज्यानं जुलैत उतारावर अनुभवलंय त्याला जास्त सांगायला नको.

आता चिमट्याकडे. मोटर पुढं बसवणार असाल तर चिमटा लोखंडीच हवा. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा स्वस्त सस्पेन्शनचा नको. आतलं माप पट्टीनं घ्या. पुढच्या मोटरला १०० मिलिमीटर लागतात, मागच्या बहुतेक मोटरना १३५. काळ्या सायकलचा मागचा भाग याहून बराच अरुंद असतो. तो जबरदस्तीनं फाकवला की चाक एका अंगाला जातं आणि चेन कायम कुरकुरते. म्हणून काळ्या सायकलला मोटर पुढंच बरी.

आणि आता माझी सगळ्यात महागडी चूक. मोटरचा एक्सल (चाकाचा मधला दांडा) १२ मिलिमीटरचा, पण दोन्ही बाजूंनी तासून १० मिलिमीटर चपटा केलेला असतो. मोटर चाकाला पुढं ढकलते तेव्हा तेवढ्याच जोरानं एक्सल उलटा फिरायला बघतो. त्याला अडवतात त्या फक्त या दोन चपट्या बाजू. काळ्या सायकलच्या चिमट्याची खाच बारीक एक्सलसाठी असते, ती कानशीनं वाढवावी लागते. आमच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीमामांनी ती घासली आणि एक्सल आत सोडून दाखवला, "बघा, कसा लोण्यासारखा बसला!" मीही खूश. लोण्यासारखा बसला तिथंच घात झाला होता.

तिसऱ्या दिवशी मिरजेकडे जाताना सिग्नल सुटला, मी थ्रॉटल पूर्ण पिळलं. कट् असा आवाज झाला आणि सायकल थांबली. खाली वाकून पाहिलं तर एक्सल खाचेत गर्रकन फिरलेला आणि त्यातून निघणारी वायर दोरीसारखी पिळलेली. आत तीन जाड आणि पाच बारीक वायरी, जाड तिन्ही तुटल्या होत्या. नट सुटून चाक बाहेर पडलं नाही हे नशीब.

तेव्हापासून खाच मी स्वतः घासतो. चार वेळा कानस, एकदा एक्सल लावून बघ, पुन्हा चार वेळा. तो हातानं आत जाता कामा नये, लाकडाच्या तुकड्यानं हलकं ठोकल्यावर जायला हवा. त्यावर टॉर्क आर्म लावायचाच. ही एक छोटी लोखंडी पट्टी. तिचं एक टोक एक्सलच्या चपट्या भागावर, दुसरं क्लॅम्पनं चिमट्याच्या नळीला. किटमध्ये दाताचं वायसर येतं, ते पुरतं असं समजू नका.

बॅटरीचं थोडक्यात. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर. किलोमीटरला बारा धरले तर तीस किलोमीटर, तेही सपाट रस्त्यावर. विक्रेता साठ म्हणाला तर उरलेले तीस तुम्ही पायडल मारणार आहात. ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते, ४८ ची ५४.६ ला. दोन्ही चार्जरची पिन पुष्कळदा सारखीच असते, म्हणून घरात दोन असतील तर त्यांवर रंगीत टेप लावा. ३६ च्या बॅटरीला चुकून ४८ चा चार्जर लागला म्हणजे आगीला आमंत्रण.

पेट्रोलच्या किटबद्दल हमखास विचारतात. 'ऐंशी सीसी' म्हणून विकलं जाणारं टू-स्ट्रोक इंजिन बहुधा ६६ सीसीचं असतं, आणि आपल्या कायद्यात चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीचं इंजिन २५ सीसीच्या वर गेलं की ती मोटार वाहन ठरते. मग नोंदणी, लायसन्स सगळं आलं. विजेच्या मोटरलाही २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. काही जण कंट्रोलरची, म्हणजे मोटरला वीज मोजून देणाऱ्या पेटीची, वेगाला लगाम घालणारी लॉक वायर तोडून चाळीस काढतात. कायदा बाजूला ठेवा, या सायकलचा ब्रेकच पंचविसाच्या पुढचा नाही.

बसवून झाल्यावर काही बिघडलं तर आधी स्वस्तातली कारणं बघा. मोटर थरथरते पण फिरत नाही, तर हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरली हे कंट्रोलरला सांगणारा) बारीक पिनांपैकी एखादी मागं सरकलेली असते. चढावर डिस्प्ले विझतो आणि पुन्हा लागतो, तर बॅटरीचा कनेक्टर हाताला गरम लागतो का ते पाहा. नाहीतर बॅटरी दमलेली आहे. पावसानंतर बंद पडली तर कंट्रोलर उघडून बघा. वायरी वरून आत शिरत असतील तर पाणीही तिथूनच शिरतं. कंट्रोलर वायरींचं तोंड खाली करूनच लावायचा. नव्यानं विणलेल्या चाकाच्या तारा पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आवळून रिंगचा आउट (डुलणं) काढून घ्या, नाहीतर एकेक तार तुटायला लागते.

आणि काहीच होत नसेल, डिस्प्ले चालू पण चाक ढिम्म, तर ब्रेकचे लिव्हर बघा. ब्रेक दाबला की मोटरची वीज तोडणारा स्विच त्यात असतो. परवा शेजारच्या काकांच्या सायकलीवर मी दोन तास घालवले. कंट्रोलर उघडला, सगळे कनेक्टर काढून पुसले, मल्टिमीटर लावून बसलो. काकू चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता डावा लिव्हर त्यांनी सहज बाहेर ढकलला, कारण तो "वाकडा दिसत होता". स्टँडवरचं चाक भर्रकन फिरलं.