गुहागरच्या अंगणात कार्नेशन

कार्नेशन हे फुलझाड मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. त्याला सोसत नाही ती आपली दमट रात्र आणि बुंध्याशी साचलेलं पाणी. म्हणून पावसाळ्यात मी ते लावतच नाही. दिवाळी झाली की घाटावरून रोपं आणते, कुंडीतच लावते. निम्मी जांभ्याची माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि नदीची वाळू. पुळणीवरची वाळू नको, मीठ असतं. आपली माती आम्लधर्मी, तेव्हा कुंडीमागे चमचाभर चुना मिसळावा.

रोप उथळ लावा. पहिल्या वर्षी मी बुंधा खोल पुरला. आठवड्यात तो काळा पडला आणि सगळी रोपं आडवी झाली. फार रडू आलं होतं.

पाच-सहा पेरं झाली की शेंडा खुडायचा. पेराशी वाकवला की कटकन मोडतो, कात्री लागत नाही. मग पानांच्या बगलेतून फुटवे येतात.

दिवस तापतो नि रात्र एकदम गारठते, तेव्हा कळीचा हिरवा पेला एका बाजूने फाटून पाकळ्या लोंबतात. फुगलेल्या कळीला मी सैलसर दोरा बांधते. सकाळचं ऊन द्या, दुपारी माडाची सावली. पाणी मुळाशीच घाला, पानांवर नको.

उमललेलं फूल नाकाशी धरा, लवंगेचा वास येतो.